ओढ्यापासून पन्नास फूट

सापेले डुकरांचा पोलीस होता. सरकारदरबारी त्याच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण भर समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या आमच्या तुतुइला बेटावर ते कुणी कधी उच्चारलं नाही. त्याची पांढरी गाडी गावाच्या वळणावर दिसली की पोरं बोंबलत सुटायची, "डुकरांचा पोलीस आला रे." मग बाया हातातलं काम टाकून अंगणातली मोकळी डुकरं हाकायच्या, वाडग्यात कोंबायच्या आणि साळसूदपणे दारात येऊन बसायच्या. जसं काही त्या डुकरांनी जन्मात कधी बाहेरचं जग बघितलंच नव्हतं.

कायदा तसा साधा. डुकरांचं वाडगं ओढ्यापासून पन्नास फूट लांब हवं, आणि त्यातली घाण पाण्यात जाता कामा नये. मूळ कायदा पाण्याचा, थेट वॉशिंग्टनचा. तो करणाऱ्यांनी आमची डुकरं बघितली नव्हती, आणि करणाऱ्यांना आम्ही मतही दिलं नव्हतं, कारण आम्हाला ते देता येत नाही. तरी कायदा आला. सगळेच येतात असं नाही. गावचा बोलका म्हातारा आतोनिओ, सभेत घराण्यांच्या वतीने भाषणं करणारा, तो हे फार छान समजावून सांगायचा.

"कायदा होनोलुलूच्या विमानाने येतो," तो म्हणायचा. "वाटेत जो समुद्रात पडला तो आपल्याला लागू नाही. जो विमानतळावर उतरला तो लागू. यात न कळण्यासारखं काय आहे?"

त्याच्या हिशोबाने फौजेचा कायदा कोरडा ठणठणीत उतरला होता. सापेलेची दोन्ही पोरं त्याच कायद्याने टेक्सासच्या छावणीत होती. नागरिकत्वाचा मात्र वाटेत बुडाला. पासपोर्ट अमेरिकेचा, पण आत लिहिलेलं की हा माणूस अमेरिकेचा आहे, नागरिक नाही. यावर रागावायचं की हसायचं हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. आणि जमिनीचा कायदा, म्हणजे पैसेवाल्याने यावं आणि किनारा विकत घ्यावा असा, तोही बुडाला. देवाची कृपा. म्हणून तर अजून जमीन घराण्याची आहे आणि तिचा कारभार घराण्याचा मताई बघतो. मताई म्हणजे घराण्याने एकमताने पदवी दिलेला कर्ता माणूस. पाण्याचा कायदा मात्र न भिजता पोचला आणि सापेलेच्या गळ्यात पडला.

सापेलेच्या आधी या कामावर जो माणूस होता, त्याने एका घरी उभ्याने कायदा सांगितला. गाडीतून उतरला, अंगणात उभा राहिला आणि बोलायला लागला. आता घरातली वडीलधारी माणसं चटईवर बसलेली असताना तुम्ही त्यांच्या डोक्यावर उभं राहून बोलणार असाल, तर पुढे काय होईल ते होईल. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी ओढ्यात सापडली. कुणी ढकलली ते अजून कुणाला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगणार नाहीत.

सापेलेने ती चूक केली नाही. तो दारात वाकायचा, चपला काढायचा, सगळ्यात खालच्या मानाच्या खांबापाशी मांडी घालून बसायचा. पदवी नसलेल्या माणसाची जागा तीच. घराण्याच्या पूर्वजांना नावं घेऊन वंदन करायचा. मग कोको यायचा. मग पावसाच्या गप्पा, शाळेच्या गप्पा, कुणाची पोरगी हवाईला गेली आणि तिने तिथे कुणाशी लग्न केलं त्याच्या गप्पा. आणि कप रिकामा झाला की सापेले हळूच विचारायचा, "बाकी डुकरांची तब्येत काय म्हणते?"

घरधनी मोठा उसासा टाकायचा. "हलवू म्हणतोस, तर हलवू कुठे? वर डोंगर, खाली समुद्र."

"मी येतो शनिवारी. दोघं मिळून जागा बघू."

आणि खरंच यायचा. हातोडी घेऊन, जुनी लुंगी नेसून, सुटीच्या दिवशी. लोकांची वाडगी त्याने स्वतःच्या खांद्यावर वाहिली. त्यामुळे त्याला शिव्या घालणारेच पुढे त्याच्या घरी अळकुड्यांच्या टोपल्या पाठवायला लागले, आणि हळूहळू आमच्या बाजूचे ओढे तळ दिसण्याइतके स्वच्छ झाले. गोड्या पाण्यातल्या कोळंब्या परत आल्या. म्हाताऱ्या बायकांनी त्या पकडून खाल्ल्या आणि डुकरांच्या पोलिसाचं नाव काढलं.

एवढं सगळं झालं, आणि एक वाडगं राहिलं. ते त्याच्या सख्ख्या बहिणीचं.

लांगिमाईना त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. टूनाच्या कारखान्यात मासे साफ करण्यात तिची वीस वर्षं गेली, नवरा वारला तशी ती माहेरच्या जागेत परत राहायला आली. चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज सगळ्यांच्या वर. घराण्यात तिचा शब्दही तसाच. तिचं वाडगं ओढ्याला इतकं लागून होतं की जोराचा पाऊस आला की पाणी अर्धं वाडगं धुऊन घेऊन जायचं. हे साऱ्या गावाला दिसत होतं. सापेलेला तर रोज दिसत होतं, कारण त्याचं घर तिच्या शेजारीच.

मग बोलला का नाही? इथेच तर सगळी गोम आहे. आमच्याकडे भाऊ बहिणीसाठी मार खाईल, मार देईल, जेवणातला चांगला घास आधी तिच्यापुढे ठेवील. पण 'तुझं चुकतंय' हे तिला तोंडावर म्हणणार नाही. थोरलीला तर नाहीच नाही. पाद्रीबाबांना एकवेळ सुनावता येईल. बहिणीशी भावाचं नातं म्हणजे देवाच्या साक्षीने केलेला करार, तो मोडला की माणूस घराण्यात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही.

त्यात ती डुकरं होती सापेलेसाठीच. त्यांचा काका, घराण्याचा मताई, जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. लेफुआवाई ही पदवी रिकामी होती. ती कुणाला द्यायची हे सगळ्या घराण्याने मिळून ठरवायचं, एकानेही नाही म्हटलं तर गाडं अडलं. लांगिमाईनाने मनाशी ठरवून टाकलं होतं की पदवी आपल्या भावाला. डिसेंबरात हवाईची आणि कॅलिफोर्नियाची मंडळी येतील, तेव्हा समारंभ. समारंभाला डुकरं लागतात, आणि ती लहानसहान चालत नाहीत. सकाळ-संध्याकाळ ती वाडग्यापाशी नारळाचा चोथा घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "खा रे बाळांनो, माझ्या भावाची लाज राखा."

सापेले शेजारच्या घरात हे ऐकायचा आणि त्याला कोको गोड लागायचा नाही.

त्याने आडून आडून प्रयत्न केले, नाही असं नाही. तिच्या कानावर पडेल अशा बेताने बायकोला सांगायचा, "आज त्या पलीकडच्या गावात एकाचं वाडगं हलवलं. अगदी ओढ्यावर होतं गं." यावर कुंपणापलीकडून लांगिमाईनाचा आवाज यायचा, "लोकांना अक्कल म्हणून नाही. बरं झालं देवाने तुला त्या जागी बसवलं." आता या बोलण्यावर माणसाने काय करायचं?

मग एका जोराच्या पावसानंतर पेनितोआच्या मुलीला ताप आला. पेनितोआ त्यांचा चुलतभाऊ, घर ओढ्याच्या खालच्या अंगाला. पोर ओढ्यात डुंबायची. ताप चढला, डोळे पिवळे झाले, इस्पितळात न्यावं लागलं. जनावरांचा मूत पाण्यात गेला की हा ताप होतो, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. कुणाच्या जनावरांचा, ते पाण्याला विचारता येत नाही. पोर वाचली, देवाचे उपकार. ती इस्पितळात होती तेवढे दिवस लांगिमाईना रोज नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि मऊ भाजलेला नीरफणस टोपलीत घालून बसने तिच्याकडे जायची. सापेलेने तिला ती टोपली घेऊन रस्त्यावर उभी असलेली पाहिलं. गाडी थांबवून तिला सोडायला गेला, आणि सबंध रस्ताभर एक शब्द त्याच्या तोंडून फुटला नाही. तिला वाटलं, भाऊ पोरीच्या काळजीत आहे.

आणि तेव्हाच डेल आला.

डेल अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा, केंद्राच्या खात्यातला. लागू झालेला कायदा खरोखर पाळला जातो का ते स्वतः ओढ्याकाठाने चालून बघायचं, हे त्याचं काम. उंच, लालबुंद, नाकाची साल निघालेली. सापेलेने पहिल्या दिवशी त्याला जरा संशयानेच पाहिलं, पण पहिल्याच घरी डेलने न सांगता बूट काढले, डोकं वाकवून आत गेला आणि मांडी घालता येईना म्हणून पाय चटईखाली लपवून बसला. समोरच्याकडे पाय करायचे नसतात एवढं कुणीतरी त्याला शिकवलं होतं. तेव्हापासून सापेलेला तो आवडायला लागला, आणि भीती वाढली. उर्मट माणसापासून बहिणीला वाचवणं सोपं गेलं असतं.

सापेलेने त्याला आधी दूरचे ओढे दाखवले. मग त्याहून दूरचे. शेवटी बेट संपलं. आमचं बेट लहान आहे, त्याला कोण काय करणार. एका संध्याकाळी दोघं सापेलेच्याच गावात शिरले आणि शंख वाजला.

संध्याकाळचा शंख म्हणजे 'सा'. सगळ्या गावाने घरात बसून प्रार्थना करायची, रस्त्यावर कुणी फिरायचं नाही. वेशीवर गावचे तरणे एकसारख्या लुंग्या नेसून ओळीने उभे असतात. त्यांच्यातल्या एकाने तळहात वर केला. सापेलेने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"किती वेळ?" डेलने हळू आवाजात विचारलं.

"देवाचं होईपर्यंत."

"मी केंद्र सरकारचा माणूस आहे, याने काही फरक?"

"वॉशिंग्टन इथे शंखानंतर सुरू होतं."

डेल मनापासून हसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. चहूबाजूंनी भिंती नसलेली आमची घरं, त्यामुळे प्रत्येक घरातलं भजन रस्त्यावर येतं. सगळ्यांच्या वर एक आवाज होता. वारा फिरला, आणि भजनाबरोबर दुसरंही काही आलं. डेलने नाक वर केलं.

"जवळपास डुकरं आहेत," तो म्हणाला. "आणि पाण्याचा आवाज पण आहे." मग म्हणाला, "ती बाई काय सुंदर गाते."

"माझी बहीण आहे," सापेले म्हणाला. आणि शंख पुन्हा वाजेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. वाडगं, पदवी, पेनितोआची पोर, टोपली.  इतके दिवस त्याला हे सांगायला माणूस मिळाला नव्हता. घरातल्याला सांगावं तर बहिणीची चूक काढल्यासारखं, बाहेरच्याला सांगावं तर तिची बदनामी.

डेलने मांडीवरची टोपी एकदा फिरवली. "तू सांगू शकत नाहीस," तो म्हणाला. "मी सांगू शकतो. मी तिचा कुणी लागत नाही."

सापेलेला एकदम हलकं वाटलं. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. लांबून आलेल्या कायद्याचा एवढा तरी उपयोग, की त्याला बहीण नसते.

"पण मला तुमची भाषा येत नाही," डेल म्हणाला. "तुलाच माझं बोलणं तिला सांगावं लागेल."

म्हणजे पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांगिमाईनाने चांगल्यातली चटई काढली. पाहुण्यापुढे कोको, पाव आणि उकडलेली केळी ठेवली. सापेले खालच्या खांबापाशी बसला. डेलने आधी घराचं कौतुक केलं, मग तिच्या आवाजाचं. सापेलेने ते सगळं भरभरून सांगितलं, थोडं पदरचंही घातलं. मग डेल म्हणाला, "बाई, तुमचं वाडगं ओढ्याच्या फार जवळ आहे. त्यातली घाण पाण्यात जाते. ते तिथून काढावं लागेल, महिन्याच्या आत."

सापेलेने तोंड उघडलं. मिटलं. चटईच्या विणीकडे बघत राहिला. 

"सांग ना," डेल कुजबुजला.

"राहू दे त्याला," लांगिमाईना इंग्रजीत म्हणाली. "मी वीस वर्षं अमेरिकन मुकादमाच्या हाताखाली मासे कापलेत. सगळं कळतं मला. शिव्या तर जास्तच कळतात."

 तिने भावाकडे पाहिलं नाही, खांबाकडे पाहिलं. आणि बोलली ते डेलशी.

"त्याला विचारा, हे त्याला कधीपासून माहीत होतं?"

डेल सापेलेकडे वळला. "ती विचारते आहे—"

"ऐकलं मी. तिला सांगा, पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून," डेल म्हणाला.

"त्याला म्हणावं, मग मला का नाही बोलला?"

"तिला म्हणा, बहिणीला असं कोण बोलतं?"

डेल एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. लांगिमाईनाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्याला सांगा, मला वाटायचं, हा रोज बघतो आणि काही म्हणत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. साऱ्या गावाला मी सांगत फिरले, माझ्या वाडग्याची चिंता करू नका, माझ्या घरीच तपासणीस आहे. कुणी काही बोललं नाही. बोलतील कसे? त्यांना वाटलं, याने मुद्दाम सोडलंय."

तो तिच्या मानाखातर गप्प राहिला, आणि तिने त्या गप्प राहण्याला परवानगी समजलं. एका अंगणात राहून भावंडांनी एवढा घोळ घालून ठेवला होता. आमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही.

"आणि पेनितोआची पोर?" तिने विचारलं.

 डेल म्हणाला की वरच्या अंगाला पूर्वी आणखीही वाडगी होती, नेमकं कोणतं ते सांगता येणार नाही. लांगिमाईनाने ऐकून घेतलं. टोपल्या भरून इस्पितळात नेलेलं सगळं अन्न तिला आठवलं असेल. तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, माशांच्या कारखान्यात हात ओले असताना पुसतात तसे.

"महिना कशाला," ती म्हणाली. "डिसेंबरपर्यंत डुकरं ठेवता येत नाहीत ना? मग डिसेंबर पुढच्या शनिवारी करू."

"म्हणजे?" डेलने विचारलं.

"म्हणजे समारंभ शनिवारी. डुकरं खाऊन टाकली की वाडगं रिकामं. तुमच्या कायद्यात जेवणाला बंदी आहे का?"

"नाही," डेल घाईने म्हणाला. "जेवणाला काहीच हरकत नाही."

पण समारंभाच्या आधी घराण्याची सभा, आणि सभेत एकमत. शुक्रवारी सगळे जमले. हवाईकडच्यांनी फोनवरून तिकिटांच्या नावाने बोटं मोडली. सापेलेच्या पोरांना छावणीतून रजा मिळेना. धाकटा म्हणाला, मी फोनवर बघेन, फोन नीट धरा, मागच्या वेळेसारखा नुसता छपराकडे धरू नका. सगळे हो म्हणत गेले. पाळी पेनितोआची आली.

पेनितोआ सरळ माणूस. तो शांतपणे म्हणाला, "सापेलेचं काम मी बघितलंय. माझं वाडगं त्यानेच हलवलं, माझ्याबरोबर चिखलात उभा राहून. पण त्याने सगळ्यांची डुकरं हलवली आणि स्वतःच्या बहिणीची ठेवली. माझी पोर मरता मरता वाचली. ज्याला घरच्या माणसाला सांगता येत नाही, त्याच्या हातात मी घराणं कसं देऊ?"

 सापेलेने मान खाली घातली. पेनितोआचं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते त्याला स्वतःला सगळ्यात चांगलं माहीत होतं. पदवी गेली हे त्याला त्या क्षणी कळलं. बरं वाटलं का वाईट, हे त्याने नंतरही कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा लांगिमाईना उठली. घराण्याची सर्वांत जुनी, सर्वांत बारीक विणीची चटई तिने पेटीतून काढली, डोक्यावरून पांघरली आणि पेनितोआच्या समोर जमिनीवर जाऊन बसली. चटईखाली तिचं तोंडही दिसेना. आमच्याकडे कुणाचा जीव घेतलेल्या घराण्याने क्षमा मागायची ही रीत आहे. एक साठीची बाई, घराण्याची थोरली लेक, चुलतभावापुढे अशी बसलेली कुणी आजवर पाहिली नव्हती. ती काही बोलली नाही. या रीतीत बोलायचं नसतं. समोरच्याने चटई उचलली तर क्षमा झाली. नाही उचलली तर बसून राहायचं.

सापेले तिच्यामागे जाऊन बसला, कपाळ जमिनीला टेकवून. तिने कुणासाठी डोकं झाकलं होतं ते त्याला बरोबर कळत होतं.

पेनितोआ पटकन उठला. दोन्ही हातांनी त्याने चटई उचलली. "ताई, ऊठ," तो म्हणाला. "माझ्या पोरीला इस्पितळात तूच जेवू घातलंस. ऊठ बघू आधी." मग सभेकडे वळून म्हणाला, "माझं हो आहे. पण वाडगं उद्या संध्याकाळपर्यंत पाडायचं, आणि ते सापेलेने स्वतः पाडायचं."

शनिवारी डुकरं निघाली, आणि खरं सांगायचं तर बारीकच निघाली. आणखी तीन महिने नारळ खाल्ला असता तर गोष्ट वेगळी. तापलेल्या दगडांवर भाजून ती आली तेव्हा पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी काही म्हणायच्या आत आतोनिओ आपल्या लांब काठीवर रेलून उभा राहिला.

"ही डुकरं हडकलेली आहेत," तो मोठ्याने म्हणाला. "वॉशिंग्टनने त्यांना पोटभर जेवू दिलं नाही." सगळी गर्दी हसली, डेलही हसला, कुणीतरी त्याला अर्थ सांगितल्यावर. आतोनिओ थांबला, मग म्हणाला, "तरी मी वॉशिंग्टनचे आभार मानतो. आमच्या तोंडातून जे निघत नव्हतं ते त्याने परक्या माणसाच्या तोंडी पाठवलं. आणि जे कायदे त्याने पाठवले नाहीत, त्यांचे तर मी दोनदा मानतो. ते आले असते तर आज ही जमीन दुसऱ्याची असती, आणि जमीन नाही तर मताई कशाचा, नुसत्या नावाचा?" मुळ्या कुटून केलेला मानाचा कावा फिरला, सापेलेने नारळाच्या वाटीतून तो घेतला, आणि उठला तेव्हा तो लेफुआवाई होता. फोन नीट धरला होता. टेक्सासमध्ये धाकट्याने सगळं पाहिलं आणि रडला, असं थोरल्याने नंतर कळवलं.

दुपारी लेफुआवाईने समारंभाची लुंगी कंबरेला खोचली आणि वाडगं पाडलं. पेनितोआने फळ्या वाहिल्या. डेलने एक खिळा उपटताना अंगठा ठेचून घेतला.

मग शंख वाजला. आता घरातली प्रार्थना नव्या मताईनेच सांगायची होती. सगळे गोल बसले: बायको, पेनितोआ, त्याची पोर, बोटाला चिंधी बांधलेला डेल. समोर लांगिमाईना, डोळे मिटून. लेफुआवाईने जेवणाबद्दल देवाचे आभार मानले. पोरीच्या तब्येतीबद्दल मानले. दूर देशाहून आलेल्या पाहुण्याबद्दल मानले. मग तो अडला. 

"देवा," तो म्हणाला, "माझ्या बहिणीला सांग." आणि थोडा थांबून, "तिला सांग की मी भित्रा होतो, आणि त्या भित्रेपणाला मी मान म्हणत होतो. तिने माझ्यासाठी भर सभेत डोकं झाकलं. देवा, हे तिला मला तोंडावर म्हणता येत नाही. तू म्हण. तिला सांग, आज जे काही मला मिळालं ते तिचं आहे, आणि माझ्याकडे तिला द्यायला आभारांशिवाय काही नाही."

कुणी आमेन म्हटलं नाही. डेलला भाषा कळली नाही, पण त्याने मान आणखी खाली घातली.

"देवा," लांगिमाईना म्हणाली. डोळे तिने उघडले नव्हते. "माझ्या भावाला सांग, मी ऐकलं. आणि पुढच्या वेळी माझं काही चुकलं तर समुद्रापलीकडून माणूस आणायची गरज नाही. त्याने इथेच बसावं, माझ्या समोर, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तुझी प्रार्थना करावी. आमेन."